मी तुझ्या नावापुढं घरकाम लिहिलं

अक्का,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी माईक हातात धरून चार मिनिटं बोललो. माझी थोरली बहीण कष्टाळू होती, मायाळू होती, दारात आलेल्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नव्हती. मान खाली घालून बोललो, म्हणून लोकांना वाटलं मला रडू येतंय. बाया बसल्या होत्या त्या बाजूनं तुझ्याबरोबर रानात राबणारी रत्ना शेजारणीला म्हणाली, आणि मला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाली, "हे कुणाबद्दल बोलायलेत? आपल्या अक्काबद्दल तर न्हाई."

तिचं खरं होतं. त्या चार मिनिटांत मी शेत हा शब्द एकदाही काढला नाही. काढला असता तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. ते आता लिहितोय. उलट बोलायला तू नाहीस तेव्हाच मला कंठ फुटावा, हे माझ्या स्वभावाला धरूनच झालं.

पहिली गोष्ट ही, की तुला पोचवून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पंचायतीत मृत्यूची नोंद करायला गेलो. कारकून तरुण, कन्नड बोलणारा, अदबीचा. नाव विचारलं, वय विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. मग म्हणाला, "उद्योग?"

मी म्हणालो, "मनेकेलस." घरकाम.

मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही, अक्का. त्यानं लिहिलं, मी सही केली, बाहेर येऊन टपरीवर चहा सांगितला. अर्धा चहा झाल्यावर कळलं की आपण आत काय सांगून आलो. तरी उठलो नाही. उरलेला चहा प्यायलो.

बावीस वर्षं तू आपलं रान पिकवलंस. पेरलंस, कोळपलंस, फवारलंस, कापलंस, बडवलंस. आणि कागदावर तुझा उद्योग काय, तर भाकरी करणं. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी विहारात उभा राहून त्याची चामडी सोलली असती.

याचं मूळ कुठं आहे ते तुलाही माहीत होतं. आप्पा गेले तेव्हा तू उदगीरकडं नांदत होतीस. मी चोवीस वर्षांचा, गुलबर्ग्याला कॉलेजच्या ऑफिसात नुकताच चिकटलेला. वडीलधाऱ्यांनी सांगितलं, बहिणीची हक्कसोड घेऊन टाक, साडीचोळी कर, पुढं कटकट नको. मी तुला बसनं आणलं, तालुक्याला आळंदला नेलं, कागद पुढं सरकवला.

"कशाची सही रे दिगा?"

"रीतीचं हाय अक्का. समदेच करतेत."

तू सातवी शिकलेली. पूर्ण कागद वाचलास. वाचून माझ्याकडं बघितलंस, आणि सही केलीस. मग मी पिशवीतून साडी काढली. तू तिथंच बाकड्यावर ती उलगडलीस आणि हसलीस. "रंग तरी इचारायचा की रे. एवढं रान घेतलास!"

बहिणीकडून जमीन लिहून घ्यायची आणि तिच्या अंगावर साडी टाकायची. आणि ही रीत पाळणारे आपण कोण? आपल्या आज्यानं जुना धर्म सोडला, जुने सण सोडले, जुन्या ओळखी सोडल्या. एवढी एकच रीत आम्ही जपून ठेवली, कारण ती आम्हा पुरुषांच्या सोयीची होती. त्याच साली मी विहारात समतेवर भाषण केलं होतं. मुलींना बरोबरीचा वाटा असं एक वाक्य होतं त्यात. त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

मग भाऊजी गेले आणि सहा वर्षांच्या प्रज्ञाला घेऊन तू परत आलीस. रान बटईनं दिलेलं होतं. निंबर्ग्याच्या रस्त्याला लागून तीन एकर, पण बटईवाल्यानं बांधसुद्धा धड ठेवला नव्हता. तू म्हणालीस, "मी करते." मी म्हणालो, "कर." केवढा दिलदार भाऊ! तुझंच रान तुला करायला दिलं.

तिसऱ्या वर्षी तुरीत मर लागली. उभं झाड वरून वाळत येतं, औषधाला दाद देत नाही. मी रविवारी आलो होतो. निम्मं रान वाळून खडखडीत झालेलं, आणि तू चिंध्या घेऊन फिरत होतीस. वाळलेल्यांच्या मधोमध जी आठ-दहा झाडं हिरवी उरली होती, त्यांना लाल चिंधी बांधत होतीस. बांधावरून शेजारच्या रानातला मलप्पा ओरडला, "अक्का, नजर लागंल म्हनून बांधलाव व्हय?"

"व्हय, तुझी!" तू म्हणालीस.

त्या झाडांच्या शेंगा तू वेगळ्या काढल्यास. ते बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून घागरीत भरलंस. दुसऱ्या वर्षी तेच पेरलंस, पुन्हा वाचलेली झाडं निवडलीस, पुन्हा घागर. चार-पाच वर्षांनी तुझ्या रानात मर शोधावी लागायची. याला विद्यापीठात संशोधन म्हणतात, अक्का. ते करणाऱ्याला खोली मिळते, गाडी मिळते, नावापुढं डॉक्टर लागतं. तुला मलप्पाची चेष्टा मिळाली, आणि पुढं तोच मलप्पा घागरीतलं ओंजळभर बी मागायला आला. तू दिलंस. वर शेळीचा राग काढलास.

ती शेळी मी कशी विसरेन? मलप्पाची शेळी तुझ्या तुरीत शिरली आणि दोन तासांचे, म्हणजे दोन ओळींचे, शेंडे खाऊन गेली. तू त्याच्या दारात जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार केलास. पण काढणीला त्याच दोन तासांतली झाडं डेरेदार निघाली, फांद्या जास्त, शेंगा जास्त. दुसरा कुणी असता तर शेळीवाल्याला सांगितलं नसतं. तू त्याला जाऊन म्हणालीस, "तुझ्या शेळीला शेतकी माझ्यापरीस जास्त कळते बघ." आणि पुढच्या वर्षापासून स्वतःच्या हातानं शेंडे खुडायला लागलीस. लोक म्हणायचे, बाईला येड लागलं, उभ्या पिकाच्या माना मोडायलीय.

पुढं काही वर्षांनी तेच आधुनिक तंत्र म्हणून गावात आलं. शेंडे छाटायचं बॅटरीवरचं यंत्र घेऊन एक माणूस आला, पारावर गर्दी जमली. तू पुढं होऊन म्हणालीस की मी हे हातानं करते, पण झाड कोवळं असताना यंत्रानं फांदी चिरती, ते कसं टाळायचं? प्रश्न नेमका होता. तो म्हणाला, "अम्मा, जरा मागं सरका. शेतकऱ्यांना बघू द्या."

हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. आज तो माणूस समोर आला तर मी काय करीन सांगता येत नाही. पण त्याचा तरी काय दोष म्हणू? त्याला कुठल्या भिंतीवर, कुठल्या पोस्टरवर बाई शेतकरी दिसली होती? पटका आणि मिशा असल्याशिवाय आपल्याकडं शेतकरी होतच नाही. फोनमध्ये पिकाची नोंद करायला उघडलं तरी आतून आवाज येतो, रैत बांधवांनो! आणि बांधवांच्या बायका तेव्हा वाकून खुरपत असतात.

त्या फोननं तर तुझे हाल केले. सगळं सोपं झालं म्हणतात. ऑफिसात हेलपाटे नकोत, घरबसल्या नोंद. फक्त पहाणीवर, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यावर, ज्याचं नाव त्याच्या फोनवर तो ओटीपीचा नंबर येणार. बियाणं पाहिजे, नंबर. पिकाची नोंद, नंबर. तू रानात उभी, फोन प्रज्ञाच्या हातात, आणि नंबर गुलबर्ग्यात माझ्या खिशात.

"दिगा, नंबर आलाय बघ."

"अक्का, मीटिंगमधी हाय."

"तुझा सायेब कुठं पळून जायलाय? ह्यो नंबर तीन मिन्टात मरतंय. सांग लौकर."

कधी सांगायचो, कधी कट करायचो. कट केल्यावर तू दहा मिनिटांनी पुन्हा लावायचीस, आणि आवाजात राग नसायचा. मला तो राग हवा होता, अक्का. तू एकदा जरी आरडली असतीस तर मला तुझ्याशी भांडता आलं असतं, आणि भांडणात एखादं खरं बोललो असतो.

आता शेतकरी मेळाव्याचं. तुझं तुरीचं रान बघायला शेतकी खात्याचे काही लोक आले, तू त्यांना घागरीपासून शेंड्यापर्यंत सगळं दाखवलंस. जाताना त्यांनी पहाणीचा उतारा मागितला. पंधरा दिवसांनी पत्र आलं, प्रगतिशील शेतकरी म्हणून सत्कार, आणि नाव माझं. एक फोन करून मी चूक दुरुस्त करू शकलो असतो. मी इस्त्रीचा शर्ट काढला. तू म्हणालीस, "जा की. शाल तर मिळंल."

व्यासपीठावर मला फेटा बांधला, शाल घातली. मग निवेदकानं माईक पुढं केला. "सांगा सर, शेंडे नेमके कधी खुडता?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्या नावावर रान आहे त्याला माहीत नव्हतं. मी समोर बघितलं. तू पार शेवटी, बायांच्या रांगेत उभी होतीस. तू हात वर केलास. आधी चार बोटं, मग पाच.

"पंचेचाळिसाव्या दिवशी," मी म्हणालो.

"आणि किती शेंडा?"

तू तर्जनीच्या दोन पेरांवर अंगठा ठेवलास.

"दोन पेरं," मी म्हणालो, आणि मंडप टाळ्यांनी भरून गेला. तूही टाळ्या वाजवल्यास. खाली उतरल्यावर दोन तरुण शेतकरी माझा नंबर घेऊन गेले.

बसमध्ये शाल तुझ्या मांडीवर होती. तू बोटांनी तिचा पोत बघत होतीस. "ऊब हाय रे. बियाच्या घागरीला बांधायला बरी." थोडं अंतर गेल्यावर खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "दिगा, आता तरी माझं नाव लाव की. निदान तुझ्या नावाखाली."

मी म्हणालो, "बघू."

त्या 'बघू'ला आता सात वर्षं झाली. मधल्या काळात तू आणि रत्ना धरून सातजणींनी डाळमिलचं मनावर घेतलं. गुलबर्ग्याच्या डाळीला लांब लांब नाव आहे. आपली तूर पोत्यात का विकायची, इथंच भरडून आपल्या पिशवीत भरून का नाही, हे तुझं डोकं. छोट्या यंत्रासाठी अर्ज करायचा होता. अट होती, गटातल्या एकीच्या तरी नावावर शेत पाहिजे. सातजणी, प्रत्येकीचे हात कोपरापर्यंत मातीत, आणि सातजणींत मिळून एक गुंठा नव्हता! तू फोन केलास. "एक एकर लाव दिगा. एकच. यंत्र आलं की परत घे पायजे तर."

बघू, म्हणालो. तारीख निघून गेली. सातजणींची तूर पोत्यातच बाजाराला गेली, अजून जाते.

का केलं नाही, ते आज सांगतो. तुझ्या भावजयीनं अडवलं असं तुला वाटत होतं. तिनं कधीच अडवलं नाही; ती तर म्हणायची, करून टाका एकदा. मला कुणीच अडवलं नाही. मला ते सोडायचं नव्हतं. ऑफिसात कुणी आलं की, आमचं पण शेत आहे, तुरीचं, असं म्हणायची मला चटक होती. चिखलात पाय न घालता शेतकरी म्हणवून घ्यायला मला आवडायचं. तो मान तुझ्या अंगावरून ओढून मी पांघरला होता, आणि तो उतरला की मी नुसता कारकून उरतो, याची भीती होती. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

पेरणीच्या आठवड्यात तू शेवटचा फोन केलास. या वेळी स्वतःसाठी नव्हता. प्रज्ञानं शेतकीचा डिप्लोमा केला, शहरातली नोकरी सोडून ती गावी आली, आणि डाळीचं पुन्हा मांडायचं म्हणते, तर तिच्या नावावर कर, असं तुझं म्हणणं.

"पोरगी हाय ती. उद्या लगीन करून जाईल. मग रान परक्याच्या घरात," मी म्हणालो.

तू म्हणालीस, "मी बी गेलते की रे. परत येऊन कुणाचं रान पिकवले मी?"

मी फोन ठेवला. नंतर लावू म्हटलं. नंतर दवाखान्याचाच फोन आला.

तुला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि माझ्या खिशात फोन वाजला. नंबर आला होता. पाठोपाठ प्रज्ञाचा फोन. "मामा, नंबर आलाय. सांगा." तुझीच वाक्यं, तुझाच स्वर, आवाज तेवढा कोवळा. आता पुढची बावीस वर्षं हिनं मला फोन करायचा? मी नंबर सांगितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरली.

रानात सातजणी होत्या. तुझ्या जागी प्रज्ञा. शेंडे खुडायला आधीच उशीर झाला होता, तू गेलीस म्हणून. रत्नानं मला बघितलं. "या शेतकरी! वाट चुकलाव व्हय?"

"रत्नाक्का, शिकवा," मी म्हणालो.

"आता गं बया! मंडपात तर तुमीच शिकवायलतेव."

सगळ्या हसल्या. हसणं झोंबलं आणि बरंही वाटलं. मग तिनं माझा हात धरून दोन पेरं दाखवली. दुपारपर्यंत मी एक तास संपवला. तेवढ्यात त्यांचे चार-चार झाले होते. बोटं हिरवी-काळी, चिकट झाली, साबणानं निघेनात. तुझी बोटं श्रावणात अशी असायची, आणि मी समजायचो भांडी घासून.

त्याच हातांनी पंचायतीत गेलो. म्हटलं, उद्योगाच्या जागी घरकाम आहे ते खोडा, शेती लिहा.

कारकून म्हणाला, "पहाणी आणा, अण्णा. पहाणीत नाव आहे ना त्यांचं?"

"नाही."

"मग शेतकरी कसं लिहू?"

मी भडकलो. टेबलावर हात आपटला, कधी नव्हे ते आवाज चढवला. बावीस वर्षं जिनं रान केलं तिला शेतकरी म्हणायला तुम्हाला कागद लागतो? कुणी नाव लागू दिलं नाही तिचं, कुणी? असं ओरडलो. त्यानं शांतपणे संगणकावरून पहाणीचा उतारा काढून माझ्यापुढं ठेवला. त्यावर माझं नाव होतं.

अर्ज ठेवून घेतलाय त्यानं. वर पाठवतो म्हणाला. होईल असं मला वाटत नाही. पुस्तकात तू घरकामच राहशील, आणि ते माझ्या सहीनं राहशील.

म्हणून दुसरी सही केली. काल आळंदला जाऊन तिन्ही एकर प्रज्ञाच्या नावानं बक्षीसपत्र केलं. कागद लिहिणारा विचारत होता, कारण काय घालू, प्रेमापोटी घालू का, सगळे तेच घालतात. प्रज्ञा म्हणाली, "काका, ह्यात प्रेम कामून आणायलाव? माझ्या आईचं होतं, मला यायलंय." तसं त्याला लिहिता येईना. शेवटी त्यानं प्रेमच लिहिलं. मी सही केली. सह्या झाल्यावर लिहून घेतलं की पिकाच्या नोंदीला आता नंबर तिच्याच फोनवर जाईल. त्याला काही दिवस लागतील म्हणे.

मी बाकड्यावरून उठणार तेवढ्यात तिनं पिशवीत हात घातला आणि ती शाल काढली. घागरीची. सात वर्षं राख आणि पाला खाऊन तिचा मूळचा रंग कुठला होता ते ओळखू येत नव्हतं. धुऊन, घडी घालून आणली होती. तिनं ती माझ्या दोन्ही हातांवर ठेवली.

"हे कशाला गं?" मी म्हणालो.

"रीतीचं हाय, मामा," ती म्हणाली. "सही घेतली की काहीतर द्यावं लागतंय."

बाकडं तेच होतं की दुसरं, आठवत नाही. तू हसली होतीस, अक्का. मला जमलं नाही.